यादीतले प्रिंटर आणि टेबलावरचे

साकोलीच्या ज्या कार्यालयात मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली बहुतेक माणसं अजून तिथंच आहेत आणि बसस्टँडवर मला भेटतात. एकमजली इमारत, मधून लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि सगळ्या खोल्यांतले कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडलेले. माझ्या आदेशात फक्त टायपिंगचं काम लिहिलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात मी एका प्रिंटरात अडकलेला कागद न फाडता बाहेर काढून दाखवला, आणि तेव्हापासून ज्या वस्तूला वायर असेल ती माझी झाली. व्हरांड्यातली घंटा वाजेनाशी झाली तरी मलाच बोलावणं यायचं.

त्या वर्षी नवे साहेब आले. पुण्याकडचे, तरुण, पहिलीच नेमणूक. आधीच्या साहेबांना प्रिंट हवी असली की ते घंटा वाजवायचे आणि म्हणायचे, "काढून आणा." नव्या साहेबांनी पहिल्याच सोमवारी स्वतः एक पत्र टाईप केलं आणि स्वतःच प्रिंट द्यायला गेले. त्यांच्यासमोर प्रिंटरांची यादी उघडली. यादीत नावं होती एकोणीस. कार्यालयात प्रिंटर होते चार.

उरलेले पंधरा कधी ना कधी त्या इमारतीत होते. कोणी जळाला, कोणी भंगारात गेला, एकाची तर पाठवणी भंडाऱ्याला झाली आणि तो परत आलाच नाही. पण नेटवर्कवरच्या यादीतून त्यांची नावं कोणी काढली नव्हती. माझ्याआधीचा प्रत्येक ऑपरेटर आपल्या काळात एखादं नाव जोडायचा आणि करार संपला की निघून जायचा. 'बडे साहेब नवीन' होतं, त्याच्याखाली 'बडे साहेब नवीन नवीन' होतं. 'निवडणूक तात्पुरता' होतं. 'कूलरजवळचा' होतं, त्या कूलरचं पुढे सांगते. आणि अगदी शेवटी 'हा वापरू नये' असं होतं.

साहेबांनी साहजिकच 'बडे साहेब नवीन' निवडला. काही झालं नाही. मग 'नवीन नवीन' निवडला. मग मधली दोन-तीन नावं दाबून पाहिली, तीही मेलेलीच निघाली. शेवटी वैतागून त्यांनी 'हा वापरू नये' दाबला, आणि नेमका तो चालू होता. तो होता व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, लेखा शाखेत. पत्र गोपनीय होतं. लेखा शाखेचे बाबू रोज किती वाजता येतात याबद्दल होतं. साहेब व्हरांडा ओलांडून तिथं पोहोचेपर्यंत लेखाबाबूंनी ते दोनदा वाचलं होतं आणि स्टेपल करून ठेवलं होतं.

"हे आपलंच आहे वाटते, साहेब," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी पत्र पुढे केलं.

पाच मिनिटांत मला बोलावणं आलं. साहेबांचे कान लाल झाले होते.

"ही यादी कोणी केली?"

"आधीपासूनच आहे सर."

"जे प्रिंटर अस्तित्वात नाहीत ते यादीत कशाला हवेत? सगळे काढून टाका. आजच्या आज."

मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. सर्व्हरवरची यादी उघडायची, जुनी नावं खोडायची. मात्र त्याचा पासवर्ड बडे बाबूंच्या टेबलावरच्या काचेखाली, देवाच्या फोटोच्या मागे चिठ्ठीवर लिहिलेला होता. म्हणून मी बडे बाबूंकडे गेले, आणि दहा मिनिटांचं काम तिथं दहा दिवसांचं झालं.

बडे बाबू म्हणजे आमचे मुख्य लिपिक. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. खिशाला तीन पेनं, निळं, लाल आणि हिरवं, आणि हिरवं फक्त साहेबांची सही घेताना पुढे करायचं. त्यांनी कॉम्प्युटरला आयुष्यात हात लावला नव्हता, पण कार्यालयाचा असा एकही कागद नव्हता ज्याला त्यांचा हात लागला नव्हता.

"असं कसं काढून टाकशील, बेटा?" ते म्हणाले. "सरकारी मालमत्ता हाय. नोटीस काढावं लागते. हरकती मागवावं लागते. उद्या कोणी म्हणन माहा प्रिंटर कुठं गेला, तं?"

"बाबूजी, ते प्रिंटर नाहीतच. फक्त नावं आहेत."

"नाव हाय म्हणजे नोंद हाय. नोंद काढाची तं नोटीस काढाची."

मी समोर बसून नोटीस टाईप केली. मी लिहिलं होतं, 'नेटवर्कवरील यादीत असलेली, परंतु सध्या वापरात नसलेल्या जुन्या शेअर्ड प्रिंटरांची नावे सदर यादीतून काढून टाकण्यात येत आहेत.' खाली हरकतीसाठी मुदत, त्याखाली बडे बाबूंनी सांगितलेली प्रतिलिपी: सर्व शाखा, सूचना फलक आणि निवड नस्ती, म्हणजे जपून ठेवायची फाईल. प्रिंट काढली तर दोन ओळी दुसऱ्या पानावर गेल्या.

दुसरं पान बडे बाबूंना मान्य नव्हतं. त्यांनी लाल पेन उघडलं. प्रतिलिपीची एकही ओळ कापता येईना. मग त्यांनी वरच्या वाक्यात हात घातला. 'नेटवर्कवरील यादीत' गेलं, 'सध्या वापरात नसलेल्या' गेलं, 'नावे' गेलं, 'सदर यादीतून' गेलं. उरलं ते असं: 'कार्यालयातील जुने शेअर्ड प्रिंटर काढून टाकण्यात येत आहेत. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.'

"बाबूजी, यानं अर्थ बदलते," मी म्हटलं.

"काही नाही बदलत. सगळ्यांले समजते."

नोटीस फलकावर लागली. आता कूलरचं सांगते. दोन उन्हाळ्यांपूर्वी आस्थापना शाखेतला मोठा कूलर 'दुरुस्तीसाठी काढण्यात येत आहे' अशा नोटिशीनंतर गाडीत घालून नेला होता. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. आस्थापनेच्या मॅडम तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांत ओला रुमाल मानेवर ठेवून सेवापुस्तकं लिहायच्या. त्यामुळे त्या इमारतीत 'काढण्यात येत आहे' हे शब्द कोणी सहज वाचत नसे. आणि 'जुने' म्हणाल तर आमचे चारही प्रिंटर जुनेच होते. सगळ्यात नवा होता त्याचंही झाकण रबरबँडने बांधलेलं होतं.

हे सगळं मला आज समजतं. तेव्हा मी वही घेऊन आनंदाने शाखा-शाखा फिरत होते. कोणता प्रिंटर खरा, कोणता नुसता नावाचा, हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं असं मला वाटलं. मी आस्थापनेत गेले आणि मॅडमना विचारलं, "हा चालतो ना?"

मॅडमनी आधी माझ्या वहीकडे पाहिलं.

"काहून?"

"लिहून घ्यायचं आहे."

"चालते बी आणि नाही बी," त्या म्हणाल्या. "चालते म्हटलं तं तू काय लिहिशील? आणि नाही म्हटलं तं काय लिहिशील?"

"चालत असेल तर ठेवू. नसेल तर काढू."

"हो, कूलरच्या वेळीबी असंच म्हणले होते."

आवक-जावकच्या खोलीत मी गेले तेव्हा तिथले दोघं शिपाई प्रिंटरच्या पुढे खुर्च्या टाकून बसले होते. एरवी ते कधी खोलीत सापडत नसत. लेखाबाबू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. त्यांनी मला प्रिंटरचा नंबर लिहू दिला नाही. म्हणाले, नंबर पुसट झाला आहे. मी वाकून बघायला गेले तर त्यांनी त्यावर कॅशबुक ठेवलं.

सात दिवसांत एकही लेखी हरकत आली नाही. बडे बाबू म्हणाले, "पाह्यलं? सगळ्यांले समजते."

आठव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी यादी उघडली आणि पंधरा नावं खोडली. प्रत्येक नावाला कॉम्प्युटर विचारायचा, नक्की काढायचं का, आणि मी हो म्हणायचे. 'निवडणूक तात्पुरता' काढताना जरा थांबले, कारण आमच्याकडे निवडणूक म्हटलं की सगळेच थांबतात, पण मग तोही काढला. राहिलेल्या चारांना सरळ नावं दिली: साहेबांसाठी आणि बडे बाबूंसाठी मिळून एक, आस्थापना, आवक-जावक, लेखा. मग प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर जाऊन तिथलीही जुनी नावं पुसली. हे करताना मला प्रत्येकाच्या टेबलाखाली वायरींजवळ वाकावं लागलं. तेही लोकांनी पाहिलं.

आस्थापनेच्या मॅडम म्हणाल्या, "मले नावगिव काही माहीत नाही. मी वरून सहावा दाबते, निंगते."

"आता चारच आहेत मॅडम. तुमचा वरून दुसरा."

त्या नुसत्या सहाव्याच्या जागेकडे बघत राहिल्या. तिथं आता पांढरा पडदा होता.

त्या दिवशी मी समाधानाने काळीपिवळी जीपमध्ये बसून एकोडीला घरी आले. बाबा उन्हाळी धानाच्या बांधावरून नुकतेच आले होते, पायाला अजून चिखल होता. ते हातपाय न धुताच ओट्यावर बसून होते.

"तुह्या हापिसातल्या मशीनी नेऊन राहिले म्हणते."

"कोण म्हणते?"

"जीपवाला सांगून राहिला होता. मंग आता तुह्या नौकरीचं काय?"

मी त्यांना समजावलं की मशीन नाही, मशीनचं नाव काढलं. त्यांनी बराच विचार केला.

"म्हणजे सातबाऱ्यावरून मेलेल्याचं नाव काढते तसं?"

"हो, तसंच."

"त्याले तं वर्ष लागते," बाबा म्हणाले. "तू एका दिवसात कशी काढली?" त्यांच्या आवाजात जरासा संशय होता. आई आतून म्हणाली, पोरगी शिकलेली आहे, आणि तो विषय संपला.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी प्रिंट दिली. यादी स्वच्छ होती, चार नावं, प्रत्येक नाव वाचता येण्यासारखं. चारही नावांपुढे 'ऑफलाइन' लिहिलेलं. त्या दिवशी तीनच्या आत काही माहिती सही-शिक्क्यासह भंडाऱ्याला पोहोचवायची होती. मला बोलावणं आलं.

मला वाटलं वायर निघाली असेल. मी आस्थापनेत गेले. टेबलावर धुळीत एक चौकोन होता, स्वच्छ, बरोबर प्रिंटरच्या मापाचा. मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या.

"मॅडम, प्रिंटर?"

"कोणता?"

आवक-जावकमध्येही चौकोन. लेखा शाखेत तर चौकोन पुसून त्यावर पाण्याची बाटली ठेवलेली. साहेबांच्या आणि बडे बाबूंच्या मधलं स्टूल तेवढं राहिलं होतं, वर काही नाही. मी बडे बाबूंना विचारलं, "बाबूजी, इथला प्रिंटर कुठं गेला?"

ते एका खोक्यावर पाय ठेवून बसले होते. "नोटीस निघाली होती ना, बेटा," ते म्हणाले. "गेला असन."

मी साहेबांना जाऊन सांगितलं की सर, यादी आता अगदी बरोबर आहे, पण प्रिंटर नाहीत. साहेबांनी मला ते वाक्य परत म्हणायला लावलं.

भांडायला वेळ नव्हता. साहेब आणि मी पेन ड्राईव्ह घेऊन हायवेवरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानात गर्दी होती. साहेब पुढे जायला लागले तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "लाईनीत या, भाऊ." साहेब लाईनीत उभे राहिले. त्यांच्यापुढे धोतर नेसलेले एक आजोबा होते, आणि त्यांच्या हातात आमच्याच कार्यालयाचा अर्ज होता.

"तुमचंबी तिथलंच काम हाय का जी?" आजोबांनी विचारलं.

"हो," साहेब म्हणाले. "तिथलंच."

"मंग झेरॉक्स जास्तीच्या काढा. तिथं मशीन राहत नाही."

साहेबांनी मान हलवली आणि खरंच दोन प्रती जास्त काढल्या. परत येताना ते प्रती काखेत धरून पुढे चालत होते. मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला हसूही येत होतं आणि माझा करार पुढच्या मार्चमध्ये संपतो हेही आठवत होतं.

माहिती वेळेत गेली. मग साहेबांनी बडे बाबूंना आत बोलावलं. मीही तिथंच होते.

"ज्यांनी ज्यांनी प्रिंटर हलवला त्या सगळ्यांना कारणे दाखवा नोटीस काढा. आत्ता."

बडे बाबूंनी वही उघडली. निळ्या पेनाने मथळा लिहिला. मग थांबले.

"साहेब, नावं ज्येष्ठतेनुसार लिहावं का?"

"लिहा ना."

"मंग पहिलं माहंच येते."

साहेबांना आधी कळलं नाही. मग कळलं. 

"पण नोटीस तर तुम्हीच काढली होती," साहेब म्हणाले.

"हो ना साहेब. निंगालेली नोटीस अंमलात येते. मले वाटलं, आता खरंच नेतीन." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्या प्रिंटरवर माहे पेन्शनचे कागद निंगाचे हाये. दुसऱ्या प्रिंटरचा काही भरोसा नाही." मग ते बाहेर गेले, आपलं खोकं उचलून आत आणलं आणि त्याचं झाकण उघडलं. प्रिंटर आत होता, वर घरून आणलेला टॉवेल. सकाळपासून ते त्याच्यावर पाय ठेवून बसले होते.

साहेबांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून रुमाल शोधत होते.

"नोटीस राहू द्या," ते म्हणाले. "छापायची कशावर, हाही प्रश्नच आहे."

बाकीचे तीन प्रिंटर शिपाई मावशीने शोधले. मावशी म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या किल्ल्या जिच्या कमरेला असायच्या ती. तिने कोणाला काही विचारलं नाही. दुपारी चहा देताना प्रत्येक टेबलापाशी एवढंच म्हणाली, "साहेब हसले. सोमवारपावेतो ठेवून द्या जाग्यावर, कोणी काही म्हणत नाही." मला तिने सांगितलं की आस्थापनेचा लोखंडी कपाटात सेवापुस्तकांच्या मागे आहे आणि कपाटाला मॅडमनी घरचं कुलूप लावलं आहे. आवक-जावकचा अभिलेख खोलीत, जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळून. लेखाबाबूंचा घरी. ते त्याला स्कूटरवर मागे बसवून, दोरीने बांधून घेऊन गेले होते. रस्त्यात कोणी विचारलं तेव्हा म्हणाले, दुरुस्तीला नेतो आहे.

सोमवारी मी पोहोचले तेव्हा चारही प्रिंटर टेबलांवर होते, जणू कधी हललेच नव्हते. आस्थापनेच्या प्रिंटरवर विणलेला रुमाल घातलेला होता. लेखाबाबूंच्या प्रिंटरमधून मी गुलाबी कार्डशीटचा एक चुरगळलेला तुकडा काढला. त्यावर झाडाच्या पानाच्या रचनेचं चित्र होतं, त्यांच्या मुलीच्या प्रकल्पातलं. मी तो घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो खिशात टाकला. त्या दिवसापासून लेखाबाबू वेळेवर येऊ लागले असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते पूर्वीसारखेच अकराला यायचे, फक्त आता मला बघून हात वर करायचे.

वायरी सगळ्यांनी आपापल्या समजुतीने लावल्या होत्या, म्हणून मला चारही प्रिंटर यादीत नव्याने जोडावे लागले. मी बडे बाबूंना विचारलं, जोडायचीही नोटीस काढायची का. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "नको. जोडतेवेळी कोणी हरकत घेत नाही."

आस्थापनेच्या मॅडमना काही केल्या वरून दुसरा दाबणं जमेना. त्यांची नजर खालीच जायची. शेवटी मी त्यांच्या एकटीच्या कॉम्प्युटरवर त्यांचा प्रिंटर सगळ्यात शेवटी येईल असं नाव दिलं आणि सांगितलं, शेवटचा दाबत जा. साहेबांना हे सांगितलं नाही.

मग पावसाळा लागला, धानाच्या रोवण्याचे दिवस आले, कार्यालयात माणसं कमी येऊ लागली. अशाच एका रिकाम्या दुपारी बडे बाबू माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघितलं, मग खुर्ची ओढून बसले.

"ते यादी दाखव बरं मले," ते हळूच म्हणाले. "मी कधी पाह्यली नाही."

मी उघडून दाखवली. चार नावं त्यांनी बोट ठेवून वाचली. स्वतःच्या प्रिंटरपाशी बोट थांबलं.

"इथं दाबलं का तिथं निंगते?"

"दाबून बघा ना, बाबूजी."

त्यांनी माऊस असा धरला की जणू तो उडून जाईल. दोनदा चुकीचं दाबलं, तिसऱ्यांदा बरोबर. आतल्या खोलीत प्रिंटर घरघरला. ते उठून गेले आणि कागद घेऊन आले. चाचणीचं पान होतं, वर प्रिंटरचं नाव आणि खाली रंगांचे पट्टे. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेली ती पहिलीच प्रिंट होती, असं ते म्हणाले.

"हे आवकात घेऊ का जावकात?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, कुठंच नको, हे फक्त बघायचं असतं. पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी कपाटातून कोरी फाईल काढली, पान छिद्र पाडून तिच्यात लावलं, निळ्या पेनाने खाली सही केली आणि माझ्यापुढे सरकवली. मीही सही केली. मग ते फाईल घेऊन आतल्या कॉम्प्युटरपाशी गेले, आणि थोड्या वेळाने प्रिंटर पुन्हा घरघरल्याचा आवाज आला.